कोरड्या बुडाची छागल

होळी झाली की नागपुरात कूलर बाहेर निघतात. गल्लीगल्लीत शिड्या लागतात, जुन्या ताट्या अंगणात आपटल्या जातात, वर्षभराची धूळ उडते. मग नवा वाळा बसतो. इकडे त्याला खस म्हणतात. त्याच्यावर पहिलं पाणी सोडलं की तो ओला, मातकट, थोडासा औषधी वास घरोघरून बाहेर येतो. लोक दारात येऊन तो वास छातीभर घेतात. मी मात्र खिडक्या लावून घेते. आता घाबरायचं काही कारण उरलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण नाकाला कोण सांगणार?

यंदा त्यात भर म्हणून माझ्या धाकट्या लेकीची गाडी फाटकात उभी राहिली. चारही चाकांना जोर देणारी, छातीएवढी उंच. मैत्रिणींना घेऊन ती लडाखला निघाली होती. आठ दिवस धरमपेठेतल्या या घरात दुसरा विषय नव्हता. टपावर लोखंडी जाळी बसली, तिच्यावर फावडं बांधलं, हवा भरायचा पंप आला, दोर आले. भिंतीवर यादी चिकटवली होती आणि ती रोज एकेका ओळीवर काट मारायची. मी येता-जाता पाण्याच्या बाटल्यांची झाकणं चाचपायची.

"आई, सीलबंद आहेत त्या."

"असू देत. हात लावला म्हणून काय झिजतात?"

"आणि गाडीत फ्रीज आहे. हे बघ."

गाडीत फ्रीज! मी आत हात घालून पाहिला. खरंच गार होतं. हात बाहेर काढला आणि गाडीच्या दाराला धरून उभी राहिले. तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, ऊन लागलं असेल." सावलीत उभी राहून मी हे बोलले. आमच्या घरात भीतीवर असं पांघरूण घालायची खोड जुनीच. ती कुठून सुरू झाली तेही मला नेमकं आठवतं. एका उन्हाळ्यात, एका पाण्याच्या छागलीपासून.

मी मालवणकडची. सहावीत शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली, पाठीवर तीन भावंडं, मग पाटी-दप्तर कुठलं. बाबांची लहानशी होडी होती. अठराव्या वर्षी लग्न झालं. हे आमच्याच बाजूचे, पण फौजेत ड्रायव्हर होते. फौजेतून सुटले आणि नागपुरात एका सरकारी खात्यात जीप चालवायला लागले. खातं जमिनीखालचं पाणी शोधायचं. लग्नानंतर दोन रात्री आणि एक दिवस प्रवास करून मी या गावात उतरले तेव्हा मार्च महिना होता आणि वारा चुलीतून आल्यासारखा होता. मी यांना विचारलं, "इथे समुद्र कुठल्या बाजूला?" हे नुसते हसले, आणि ट्रंक उचलून चालू लागले.

आमच्याकडे घाम पुसावा लागतो. पुसला की पुन्हा येतो, पदर ओलाच राहतो. इथे घाम आला की नाही तेच कळेना. अंग कोरडं ते कोरडं, फक्त संध्याकाळी गालावर मिठाची पूड हाताला लागायची. मला वाटायचं, मी आतून वाळत चाललेय. हे सकाळी कामावर गेले की मी दार लावून, फरशीवर ओलं फडकं टाकून त्याच्यावर बसून राहायची. बाहेर कुणी बोललं तर निम्मं कळायचं नाही. आमच्यात 'माका', इथे 'मले'.

त्या बंद दारावर पहिली थाप मारली ती शेजारच्या पराते काकूंनी.

"काहून वं, दार लावून काय करून राहिली? अंडे उबवून राहिली काय?"

त्यांचं घर विणकरांचं. एकेकाळी आतल्या खोलीत माग होता, आता त्या खड्ड्यावर फळ्या टाकून काका-काकू ट्रकवाल्यांच्या ताडपत्र्या शिवायचे. काकूंनी मला हाताला धरून नेलं, समोर जाड कॅनव्हास टाकला आणि हातात दाभण दिला. "खाली हात असला का डोक्स्यात भूत येते. शिव." दोरा आधी मेणाच्या गोळ्यावरून ओढायचा, मग टाका घालायचा, म्हणजे सुईचं भोक दोऱ्यानं बुजतं. टाका तिरका नाही, उभा. मी चुकले की त्या उसवायला लावायच्या, आणि उसवताना गुळाचा खडा हातावर ठेवायच्या. आईनंतर माझ्या चुकीवर गूळ ठेवणारं ते एकच माणूस. आजही कुठे नीट शिवलेली ताडपत्री दिसली की मी मनातल्या मनात हात जोडते.

दुसऱ्या वर्षी चैत्रात हे म्हणाले, बस्तरच्या बाजूला जायचंय. साहेब, दोन मदतनीस आणि हे. महिनाभर. रस्ते नाहीत, जंगलातल्या बैलगाडीच्या वाटा आहेत, नाले कोरडे पडलेत तोवर जाऊन यायचं. खात्याची जुनी लष्करी जीप होती. खात्यातले मिस्त्री गाडी बघणारच होते. पण यांचं म्हणणं, जी गाडी आपल्याला जंगलात नेणार तिच्या प्रत्येक बोल्टाला आपला हात लागलेला हवा. साहेबांनी होकार दिला आणि जीप आठ दिवस आमच्या दारात आली.

ते आठ दिवस माझ्या नाकात अजून आहेत. रॉकेल, ग्रीस, तापलेलं रबर. हे पहाटेच जीपखाली शिरायचे, ऊन चढलं की बाहेर यायचे. खालच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक जादा पाटा बसवला. चाकांतल्या सगळ्या ट्यूबा काढून मोरीच्या टाकीत बुडवल्या, एकीतून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे निघाले तर ती बाजूला टाकली. इंजिनातलं काळं तेल काढून नवं भरलं. रेडिएटरमधून इतकं गढूळ पाणी निघालं की मी घाबरून विचारलं, "हे असं बिघडलेलंच होतं का?" हे म्हणाले, "आगो, म्हणान तर धुतंय." पत्र्याच्या पेटीत पाने, जादा पट्टा, प्लग, तार, साबणाची वडी. टाकीला बारीक भोक पडलं तर साबण चोळून बुजवायचं, हे मला तेव्हा कळलं. नवं हूड काकू आणि मी मिळून शिवलं. वाळूत चाकाखाली टाकायला दोन फळ्या घेतल्या. माझ्या लेखी प्रत्येक वस्तू म्हणजे एकेक संकट. फळ्या घेतल्या म्हणजे गाडी रुतणार. तार घेतली म्हणजे काहीतरी तुटणार.

गल्लीतल्या बायका येता-जाता थांबायच्या. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "इतकं तं पोरीले सासरी धाडतानी नाही सजवत बावा!"

एका रविवारी हे मला जीपमध्ये बसवून कन्हान नदीच्या पात्रात घेऊन गेले. आत तीन दांडे होते. एक नेहमीच्या गिअरचा. दुसरा ओढला की पुढची चाकंही जोर लावायची. तिसरा ओढला की गाडी सावकाश, पण पहाड ओढेल अशी चालायची. मला समजावं म्हणून हे म्हणाले, "ही पुढची वल्ही. एरवी उचलून ठेवायची." मग गाडी मुद्दाम मऊ वाळूत घातली. चाकं फिरू लागली आणि आम्ही खाली जाऊ लागलो. होडी भरते तशी जीप वाळूत भरत होती. मी यांचा दंड गच्च धरला. यांनी दांडा ओढला, खालून कुठून तरी खणखणाट झाला आणि पुढची चाकं जागी झाली. जीप गुरगुरत, अंग झाडत वर आली. हे हसत होते. "बघितलंस?" मी बघितलं होतं. मी बघितलं होतं ते एवढंच, की ही गाडी रुतू शकते.

या सगळ्यामागे खरी भीती एकच होती आणि तिचं नाव मी घेत नव्हते. आधीच्या उन्हाळ्यात आमच्या घरापासून तिसऱ्या दारचे भाऊराव गेले होते. ट्रक चालवायचे. चांद्याच्या पुढे भर दुपारी ट्रकचा आस मोडला. जवळचं पाणी संपलं, म्हणून ते पायी निघाले. पळसाच्या झाडाखाली सापडले. मी तेव्हा नवी होते. बायका रडत होत्या आणि काकू हलक्या आवाजात सांगत होत्या, "आंगाले हात लावला तं कढई. अन् घामाचा थेंब नाही." ही लू. इथे उन्हाळ्यात लू लागून माणूस मरतो. समुद्रात बुडून मरतात ते मी पाहिलेलं. पाणी नाही म्हणून माणूस मरतो, हे मला नवीन होतं.

म्हणून जेव्हा हे म्हणाले की खात्याची छागल फाटलीय, नवी तूच शिव, तेव्हा मी हातातला दाभण खाली ठेवला. छागल म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी. जीपच्या नाकाशी टांगायची, वाऱ्यानं आतलं पाणी गार राहतं. एवढं ऐकून ठाऊक होतं. ते का गार राहतं, हे विचारायचं मला सुचलं नाही आणि सांगायचं कुणाला सुचलं नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. मला मात्र वाटलं, चौघांचा जीव माझ्या टाक्यांत आहे. आणि यांना जंगलात भाऊरावांसारखं पायी चालावं लागलं तर तोही माझ्या टाक्यांमुळे.

तीन दिवस लावून शिवली. दुहेरी शिवण, मेणवलेला दोरा, तोंडाला लाकडी बूच, वर दोन कड्या. जायच्या आदल्या दिवशी भरून खिडकीला टांगली आणि खाली बसून पाहू लागले. आधी बूड ओलं झालं. मग एक थेंब लोंबकळला. पडला. मग दुसरा. बघता बघता सगळं अंग पाझरू लागलं, खाली थारोळं झालं.

 मी शिवणी तपासल्या. शिवणी धड होत्या, कापडच गळत होतं. काकूंकडे धावले तर त्यांच्या दाराला कुलूप. भाचीच्या लग्नाला उमरेडला गेल्या होत्या, ते मी विसरलेच होते. हे साहेबांकडे, रात्री उशिरा येणार. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर? पण विचारायची लाज. सहावी नापास नव्हे, सहावीत सुटलेली. तरी आयुष्यभर मला वाटत आलं की समोरच्याला माझी सुटलेली वर्षं दिसतात.

मग मला बाबा आठवले. पावसाळ्यापूर्वी होडी वाळूवर उलटी घालून ते फटीफटींत कापूस ठासायचे आणि वर तेलात वितळवलेली राळ फासायचे. "पाणी आत येता नये, बस," म्हणायचे. इथे पाणी बाहेर जाता नये, एवढाच फरक. वाण्याकडून राळ आणली, काकूंनी दिलेला मेणाचा गोळा घातला, चुलीवर वितळवून छागल आतून-बाहेरून सारवून काढली. बोटं भाजली. संध्याकाळी भरून टांगली. सकाळी पाहिलं तर बूड कोरडं ठणठणीत. एक थेंब नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या छागलीला नमस्कार केला.

जीप निघाली तेव्हा नुकतं उजाडत होतं. मागे डबे, गुंडाळ्या, दोर. मदतनीस बसलेले. मी छागल दोन्ही हातांनी आणून दिली. यांनी घेतली. तळवा तिच्या बुडावरून एकदा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, कोण जाणे. मला तो खूप वाटला.

"बरी झाली हा," म्हणाले आणि जीपच्या नाकाशी टांगून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी काकू उमरेडहून आल्या. लग्नाची बुंदी द्यायला घरात शिरल्या आणि चुलीजवळच्या राळेच्या भांड्याकडे पाहत उभ्या राहिल्या. "हे कायले वं?" मी सांगितलं, मोठ्या तोऱ्यात. सांगता सांगता त्यांचा चेहरा बदलत गेला आणि माझा आवाज बारीक होत गेला.

"अवं मायबाई," त्या खाली बसल्या. "छागल गळाले पाह्यजे! नवी असली का दोन-तीन दिवस पान्यात भिजू घालाव लागते, मंग सूत फुगते, मंग ते थोडीशीच झिरपते. अन् झिरपते म्हनून तं गार राह्यते. वारा लागते नं त्या ओल्याले. पाझरलंच नाही तं गार कायचं होईन?" जरा थांबून त्या म्हणाल्या, "मानसाचंबी तसंच हाये. घाम नाही आला का मानूस मरते."

भाऊरावांचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

मला डोळ्यांसमोर दिसू लागलं: बस्तरची ती वाट, भर दुपार, माझी पिशवी, आत कढत, राळेचा वास मारणारं पाणी. ते कुणाच्या घशाखाली उतरणार नाही. मग ते डबक्यातलं पितील. नाहीतर पिणारच नाहीत. काकूंनी समजूत घातली. "मिल्टरीचा मानूस आहे तो. त्याले समजन. रस्त्यात मडकं घेईन. तू जेव आधी." त्यांनी भरवलं तेवढं मी जेवले. रोज संध्याकाळी त्या येऊन बसायच्या. काहीबाही सांगायच्या, नणंदेच्या नकला करायच्या. मी हसायची. हसता हसता मधेच माझं लक्ष खिडकीच्या त्या खिळ्याकडे जायचं.

बाराव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. बोट फिरवत, अक्षर अक्षर लावत मी मोठ्यानं वाचलं. प्रकृती ठीक आहे. काम चालू आहे. आणि शेवटची ओळ: "तुझ्या छागलीतले पाणी चांगले गार राहते. काळजी नको."

मी कार्ड काकूंना दाखवलं. इतके दिवस मला धीर देणाऱ्या काकूंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. त्यांनी पदराचं टोक दातात धरलं.

माझ्या छागलीतलं पाणी गार राहूच शकत नव्हतं, हे आम्हा दोघींनाही आता ठाऊक होतं. म्हणजे हे खोटं लिहीत होते. एवढ्याशा गोष्टीत खोटं, मग 'प्रकृती ठीक' तरी खरी कशावरून? जी ओळ मला झोप लागावी म्हणून लिहिली, त्याच ओळीनं माझी उरलीसुरली झोप गेली.

"रडून काय होते?" काकू एकदम उठल्या. "कापड काढ. दुसरी शिवू. खात्याचा शिध्याचा ट्रक जाते नं तिकडं?"

ट्रक महिन्यातून एकदाच जायचा आणि चार दिवसांवर होता. आम्ही दोघी समोरासमोर बसून दोन्ही बाजूंनी शिवू लागलो. दिवस मावळायच्या आत शिवण पुरी झाली. मग तीन दिवस ती छागल टाकीत बुडवून ठेवली. मी तासातासाला जाऊन पाण्यात हात घालायची, जसं तापाच्या पोराच्या कपाळाला हात लावतात. चौथ्या दिवशी भरली, टांगली. अंग ओलं झालं, थेंब सावकाश धरला, सावकाश पडला. काकूंनी माझा गाल धरून तिला टेकवला. विहिरीच्या तळासारखं गार.

ऑफिसात पहिल्यांदाच गेले. टेबलामागच्या बाबूनं ओली छागल, खाली पडलेलं थारोळं आणि मी, तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मालाच्या यादीत छागल नाही, बाई. अर्ज द्या." अर्ज कसा लिहितात ते मला येत नव्हतं. तिथेच उभी राहिले.  तेवढ्यात ट्रकचे ड्रायव्हर मेश्रामभाऊ आत आले. त्यांनी एकदा छागलीला हात लावला आणि बाबूला म्हणाले, "साहेब, माह्या प्यायच्या पान्यालेबी अर्ज देऊ काय?" मग मला म्हणाले, "आना वहिनी, इकडं. माह्या खिडकीले टांगतो. गळून राहिली मंजे जित्ती आहे."

मेश्रामभाऊ गेले त्याला आता खूप वर्षं झाली. त्यांच्या मुलाच्या लग्नात मी त्यांना हे सांगायला गेले, तर त्यांना आठवतही नव्हतं. उपकार करणाऱ्यांना कुठे आठवतात? ते आपणच जपायचे.

मे सरत आला. शेवटी इथे नवतपा लागतो, म्हणजे वर्षातले सगळ्यांत जळजळीत नऊ दिवस. हे त्याआधी येणार होते. नवतप्याचा पहिला दिवस गेला. दुसरा गेला. चिमण्या मोरीत येऊन पडू लागल्या. गल्लीत चिटपाखरू नाही. मी दार उघडं टाकून उंबऱ्याच्या आत बसून राहिले. लू आत येत होती. काकूंनी कांदा आणून माझ्या कनवटीला बांधला. रागावल्या, पण दार लाव म्हणाल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना जीप आली. आधी आवाज आला, मग ती. लाल मातीनं इतकी माखलेली की रंग ओळखू येईना. मी आधी माणसाकडे नाही, गाडीच्या नाकाकडे पाहिलं. तिथे दोन छागली टांगलेल्या होत्या. एक ओली, एक कोरडी. मग हे उतरले. गालफडं बसलेली, ओठ फुटून काळे पडलेले, सदरा दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा. मी काही विचारायच्या आत काकूंनी यांच्या हातात पन्ह्याचा तांब्या दिला आणि मला कोपरानं ढोसून त्या निघून गेल्या.

तांब्या रिकामा झाल्यावर मी विचारलं, "कधी कळलं?"

"हात लावल्याबरोबर."

"मग काढून कित्याक नाय ठेवल्यात?"

"तू दारात उभी होतंस."

उमरेडला यांनी मडकं घेतलं होतं. काकू म्हणाल्या तसंच. पण चौथ्या दिवशी एका नाल्यात उतरताना जीप आदळली आणि मडकं फुटलं. जवळ गाव नाही. पुढचे कितीतरी दिवस चौघंजण माझ्या छागलीतलं कढत पाणी राळेच्या वासासकट नाक दाबून प्यायले. साहेबांना उलट्या झाल्या. एक मदतनीस न राहवून डबक्यातलं पाणी प्याला, तो तापानं फणफणला. यांना एका दुपारी गाडी चालवता चालवता दिसेनासं झालं. त्याच संध्याकाळी यांनी ते कार्ड लिहिलं होतं. मेश्रामभाऊंचा ट्रक पोचला तेव्हा साहेब म्हणे नव्या छागलीला गाल लावून पाच मिनिटं उभे होते.

"मग गार आहे असं का लिहिलंत?"

"गरम आसा असा लिवन तुका काय गावला आसता?"

लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. तोवर मी यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. गल्लीनं ऐकला असणार. मला काय गावलं असतं? मला तेवढंच भ्यायला मिळालं असतं, जेवढं खरं होतं. तुम्ही गार लिहिलंत आणि मी रोज तुम्हाला त्या पळसाखाली पाहत होते. मी राळ फासली ती भीतीनं. विचारलं असतं कुणाला तर फासली नसती. तुम्ही गप्प राहिलात तेही भीतीनं. दोघांनी दोन्हीकडून सारवलं, आणि आतलं पाणी उकळत राहिलं. एवढं सगळं मी तेव्हा बोलले असेन का? नसेनच. तेव्हा मी बहुतेक एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडले: "गरम असेल तर गरम लिहा!"

आणि यांनी ते मानलं. पुढे वीस-बावीस वर्षं दर उन्हाळ्यात गाडी निघायची. दर वेळी मी नवी छागल तीन दिवस टाकीत भिजवायची, आणि यांची कार्डं यायची. "पाणी गरम. डास फार. पाटा मोडला, बदलला. बरा आहे." ती कार्डं उशाखाली घेऊन मी शांत झोपायची. भीती गेली नाही. पण ती थेंबथेंब बाहेर जायची, साठायची नाही. शेवटच्या दुखण्यात मी यांच्या कपाळाला हात लावून विचारलं, "कसं वाटतंय?" डोळे न उघडता म्हणाले, "गरम आसा." फसवलं नाही त्यांनी. तेवढ्या आधारावर, ते गेले ती सकाळ मला निभावता आली.

धाकटीला यातलं काही ठाऊक नव्हतं. माळ्यावरच्या पेटीत ती पहिली छागल अजून आहे, राळ तडकून तिची खपली झालीय. काल धाकटीच्या यादीतली शेवटची ओळ काटली गेली तेव्हा मी ती खाली काढली आणि पायरीवर तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "पोरी, तो फ्रीज पाहिला तेव्हा मी ऊन लागलं म्हणाले ते खोटं होतं. मला भीती वाटतेय."

ती लगेच म्हणायला गेली, "काही होत नाही गं आई," आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबली. मग पिशवी हातात घेऊन तिचं कोरडं बूड चाचपत तिनं सगळं ऐकलं. ऐकून झाल्यावर हळूच म्हणाली, "मलाही वाटतेय. थोडी."  गाडी समोर उभी होती, इतकी उंच, इतकी तयार.

आज पहाटे त्या गेल्या. जाताना मी एकच सांगितलं. दुपारभर मी कूलरसमोर बसून होते. खस टपटपत होता. साडेतीनला फोन वाजला.

"आई, जबलपूरच्या पुढे आहोत. फ्रीज बंद पडलाय, आणि पाणी गरम आहे. म्हणजे अगदी चहासारखं."

"बरं," मी म्हटलं. "रस्त्यात मडकं मिळालं तर घ्या. दोन घ्या."

फोन ठेवला, आणि जमिनीवर चटई टाकून आडवी झाले. डोळा कधी लागला ते कळलंही नाही.